काच शाबूत राहिली, पॉलिश गेलं : डायनिंग रूम हलवतानाचं एक प्रकरण

घरसामान हलवायच्या कामात मी देखरेखीला असतो, म्हणजे आधी घर बघून यायचं, काय कसं बांधायचं ते ठरवायचं आणि त्या दिवशी माणसांसोबत उभं राहायचं. हे प्रकरण माझ्याच हाताखालचं आहे. घरच्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाहीये. लिहायचं कारण एवढंच की ज्या वस्तूची सगळ्यांना भीती होती तिला ओरखडासुद्धा आला नाही आणि जिच्याकडे कोणी बघितलं नाही तिचं नुकसान झालं, आणि ते प्रवासात झालेलंच नाही.

पार्श्वभूमी

घरात ताई, त्यांचे मिस्टर, दोन मुलं आणि ताईंचे वडील, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डायनिंगच्या खोलीत भरीव लाकडाचं टेबल, 180 बाय 90 सेंटिमीटर, त्यावर त्याच मापाची 10 मिलिमीटर जाडीची टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच, सहा खुर्च्या, खालचा आणि वरचा असे दोन भाग असलेलं क्रॉकरीचं कपाट, टेबलावर लोंबणारा तीन काचेच्या शेड्सचा दिवा, खाली गालिचा. टेबल काकांनी स्वतः उभं राहून करून घेतलेलं, त्यामुळे त्यात जीव होता त्यांचा.

आणि एक गोष्ट जी मला बघायला गेलो तेव्हा कळली होती पण मी तिचा अर्थ लावला नाही. वर्षानुवर्षं काच ठेवून टॉपवर, म्हणजे टेबलाच्या वरच्या फळीवर, डाग पडले होते, म्हणून नवीन घरात टेबल छान दिसावं यासाठी काकांनी शिफ्टिंगच्या नऊ दिवस आधी टॉपला नवीन पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घेतलं. मी हात फिरवून "मस्त झालंय काका" म्हटलं आणि पुढे कपाट मोजायला गेलो. तिथेच खरं तर थांबून विचारायला हवं होतं की पॉलिश कधी मारलं.

अडचण काय होती

तीन अडचणी दिसत होत्या. पहिली काच. साधा हिशोब असा की एक चौरस मीटर काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरतं, म्हणजे ही काच साधारण 40 किलोची. टफन्ड काच मधोमध बऱ्यापैकी मार सोसते पण कड आणि कोपरा हा तिचा कमजोर भाग, कोपरा फरशीवर टेकला आणि खाली एक खडा जरी असला तरी अख्खी काच एका क्षणात बारीक तुकड्यांचा ढीग होऊ शकते. दुसरी अडचण जिन्याचं वळण. तिसरी म्हणजे क्रॉकरी, जी ताईंनी आधीच्या आठवड्यात रात्री जागून स्वतः पॅक करून ठेवली होती.

चौथी अडचण होती ती तेव्हा कोणालाच दिसली नाही. सामान त्याच दिवशी संध्याकाळी नवीन घरात लागणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. नवीन घराची चावी नक्की कधी मिळणार हे मी विचारलं, "दोन दिवसात मिळतेय" असं उत्तर आलं आणि मी वहीत बरोबरची खूण केली.

पर्याय आणि त्यावरचा विचार

टेबल अख्खं न्यायचं की पाय काढून यावर चर्चा झाली. दादा, म्हणजे ताईंचे मिस्टर, म्हणाले की आणलं तेव्हा अख्खंच आणलेलं, मग आता का खोलायचं, जुने बोल्ट खोलले की परत तसे बसत नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, जुन्या लाकडात बोल्टाची भोकं खरंच सैल होतात. पण जिन्याची रुंदी दोन्ही बाजूला एकच मीटर होती. पायांसकट टेबल आडवं धरलं तर जाडी 76 सेंटिमीटर, आणि एवढ्या जाडीची वस्तू एक मीटर रुंदीच्या काटकोनी वळणातून जास्तीत जास्त 131 सेंटिमीटर लांबीचीच वळते, आपलं टेबल 180. पाय काढले तर टॉप आणि खालच्या चौकटीची मिळून जाडी 12, मग जवळपास 259 सेंटिमीटरपर्यंत वळतं. उभं करून नेता आलं असतं पण मग पायऱ्यांवर सगळं वजन खालच्या एका माणसावर येतं आणि एका पायावर टेकलं तर तो सांधा गेलाच. मी वर्तमानपत्र कापून त्या मापाचा तुकडा वळणावर धरून दाखवला, तेव्हा काकाच म्हणाले, "काढा पाय, मी बोल्ट ओळखून ठेवतो."

काचेसाठी दोन रस्ते होते. एक, ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीच्या भिंतीला बांधायची. दुसरा, दोन प्लायच्या मध्ये फोम घालून चौकट करायची. पहिल्यात पैसे आणि वेळ वाचतो आणि लहान काच असती तर मीही तेच केलं असतं. पण 40 किलोची काच ब्लँकेटमध्ये हातातून सरकते, पकड दिसत नाही, म्हणून चौकटच करायची ठरली. काही लोक काचेवर चिकटपट्टीची फुली मारतात, तशी मारली तरी काच मजबूत होत नाही, फुटली तर तुकडे थोडे एकत्र राहतात एवढंच.

टॉपसाठी मी कागदावर लिहून दिलं होतं : आधी स्वच्छ सुती चादर, मग जाड ब्लँकेट, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे गार्ड, आणि सगळ्यात शेवटी वरून स्ट्रेच फिल्म, ब्लँकेट सुटू नये म्हणून. प्लास्टिक पॉलिशला थेट लागायचं नाही हे लिहिलेलं होतं. का लागायचं नाही हे लिहिलेलं नव्हतं, आणि नंतर कळलं की ते लिहिणंच महत्त्वाचं होतं.

क्रॉकरी परत उघडायची का यावर थोडं अवघड झालं. ताईंनी मन लावून पॅक केलेलं, त्यांना "हे चुकलंय" कसं म्हणायचं. मी विचारलं, "ताई, एक खोकं उघडून बघू का, वजन जास्त वाटतंय." उघडलं तर बारा मोठ्या प्लेट्स एकावर एक आडव्या, मध्ये वर्तमानपत्र. गाडीला खालून धक्का बसला की आडव्या चळतीचा सगळा भार सर्वात खालच्या प्लेटवर येतो आणि ती मधून वाकून तडकते, तीच प्लेट कडेवर उभी ठेवली तर भार तिच्या अंगाच्या दिशेने जातो आणि ती तो सहज पेलते. हे दाखवल्यावर ताई स्वतःच परत बसल्या. सहापैकी चार खोकी आम्ही दोघांनी मिळून नव्याने भरली. तळाला तीन इंच चुरगळलेला कोरा कागद, जड प्लेट्स खाली उभ्या, वाट्या आणि ग्लास वर, ग्लासच्या पोटात कागद, आणि बंद केल्यावर हलकंच हलवून बघायचं, आत आवाज आला तर परत उघडायचं. उरलेली दोन खोकी रात्र झाली म्हणून तशीच राहिली. त्यात "रोजच्या वापरातलंच आहे" असं ताई म्हणाल्या आणि मी मान डोलावली.

प्रत्यक्ष दिवशी काय केलं

सकाळी दिव्यापासून सुरुवात केली कारण तो डोक्यावर असताना खाली काहीच नीट करता येत नाही. त्या खोलीचा एमसीबी बंद केला, टेस्टरने परत तपासलं, वायरींचा फोटो काढला, शेड्स आधी काढून तीन वेगळ्या खोक्यात, मग दिवा. गालिचा झाडून घेतला आणि मऊ बाजू आत ठेवून एका पाइपवर गुंडाळला, घडी नाही घातली, कारण घडीच्या रेषेवर खालचं अस्तर मोडतं आणि ती रेषा मग जात नाही.

कपाटाचं काम निवांत झालं. वरचा भाग खालच्यापासून सोडवला, काचेची शेल्फं काढून प्रत्येक वेगळं गुंडाळलं, शेल्फाखालच्या अठरा पितळी पिना मोजून एका पिशवीत आणि पिशवीवर नाव. ह्या पिना हमखास हरवतात आणि मग नवीन घरी शेल्फं बसतच नाहीत, म्हणून मी सगळ्या खोलीचे स्क्रू, बोल्ट, ॲलन की, पिना एकाच डब्यात ठेवतो आणि तो डबा गाडीत टाकत नाही, घरच्यांच्या हातात देतो. ड्रॉवर बाहेर काढले. दारं बांधताना चिकटपट्टी लाकडाला न लावता कापडी पट्ट्याने गोल बांधली.

मग काच. काच पुसून कोरडी केली, कारण धुळीवर किंवा ओलाव्यावर सक्शन कप धरत नाही. दोन माणसं, हातमोजे, दोन कप, आणि टेबलावर काच सरळ वर न उचलता आधी लांब कडेवर उभी केली आणि मग उचलली. खाली चौकटीत दोन लाकडी पट्ट्यांवर रबर लावून ठेवलं होतं, काच फरशीला कुठेच लागली नाही. जिन्यात तिच्यासोबत मी स्वतः उतरलो. गाडीत ती लांबीच्या दिशेने उभी लावली, म्हणजे ब्रेक लागला की धक्का कडेच्या दिशेने जातो, सपाट अंगावर येत नाही. ह्या सगळ्याला पाऊण तास गेला आणि तो पाऊण तास मी खाली होतो.

वर त्याच वेळात टेबल खोललं गेलं. काकांनी बोल्टांवर खडूने नंबर टाकले, पायांवरही. ते अगदी छान झालं. पण बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती, आणि वर आमच्या माणसांपैकी जो मुलगा होता त्याने टॉप ओला होऊ नये म्हणून, चांगल्याच विचाराने, चादर ब्लँकेट बाजूला ठेवून बबल रॅप सरळ लाकडावर लावला, फुगे आतल्या बाजूला, आणि वरून स्ट्रेच फिल्म चांगली कचकचून ओढून घेतली. फिल्म सुटू नये म्हणून टॉपखालच्या चौकटीच्या पट्टीवर दोन ठिकाणी टेप थेट पॉलिशवर.

मी वर आलो तेव्हा टॉप भिंतीला टेकून पॅक होऊन उभा होता. मी बघितलं. मला दिसलं की चादर नाहीये. उघडून परत बांधायला वीस मिनिटं लागली असती, पाऊस वाढत होता, आणि डोक्यात हिशोब झाला की संध्याकाळी तर सोडायचंच आहे, पाच सहा तासात काय होतंय. मी "चला" म्हटलं. ह्या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय आणि तो माझा होता, त्या मुलाचा नाही.

दुपारी फोन आला की नवीन घराची चावी अडकलीय, आतलं काम राहिलंय, दोन दिवस लागतील. सामान गोदामात उतरवलं. दोनाचे अकरा दिवस झाले. मध्ये चौथ्या दिवशी मी गोदामात जाऊन आलो, काचेची चौकट तपासली, पट्टे घट्ट आहेत का बघितलं, ताईंना फोटो पाठवला, "काच एकदम व्यवस्थित" असं लिहिलं. टॉप तिथेच शेजारी उभा होता, गोदाम पत्र्याचं, दुपारी चांगलंच तापायचं. हा दुसरा निर्णय. म्हणजे निर्णय म्हणून घेतलाच गेला नाही, पण फिल्म फाडायला दोन मिनिटं लागली असती.

काय निघालं

काच शाबूत. दिवा शाबूत. कपाट पिनांसकट उभं राहिलं. नव्याने भरलेल्या चार खोक्यांमधलं एकही भांडं फुटलं नाही. तशाच राहिलेल्या दोन खोक्यांपैकी एकात तळाच्या दोन प्लेट्स तडकलेल्या होत्या, अगदी ज्या सांगितल्या होत्या त्याच जागच्या. एका खुर्चीची पाठ करकरायला लागली, कारण जिन्यात कोणीतरी ती पाठीच्या वरच्या पट्टीला धरून उचलली, खुर्ची नेहमी बैठकीच्या चौकटीला खालून धरायची असते.

आणि टॉप. फिल्म काढली, बबल रॅप ओढला तर तो थोडा चिकटून सुटला. खाली दोन तृतीयांश टॉपवर गोल गोल ठसे, ओळीने, जसे फुगे होते तसेच. एका कोपऱ्यात पांढुरका ढग. टेप काढली तिथे चार बोटं पॉलिश टेपसोबत निघून आलं. काका काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवत राहिले. ते बघून मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

कारण समजून घ्यायला मी दुसऱ्या दिवशी एका जुन्या पॉलिशवाल्या काकांना घेऊन गेलो. त्यांनी आधी तारीखच विचारली. पीयू पॉलिश काही तासात हाताला सुकल्यासारखं लागतं, दोन दिवसात टेबल वापरायला हरकत नसते, पण आतून पूर्ण पक्कं व्हायला तीन चार आठवडे जातात, आणि तोवर त्याला हवा लागते. नवव्या दिवशी ते प्लास्टिकमध्ये घट्ट बंद झालं. वर फुग्यांचा दाब, गोदामाची उष्णता, त्यामुळे मऊ असलेल्या थरात फुगे बसले. पांढरा ढग हा अडकलेल्या ओलाव्याचा, पावसात बांधलं तेव्हाच थोडी दमट हवा आत कोंडली गेली होती. म्हणजे जुनं, पक्कं झालेलं पॉलिश असतं तर कदाचित एवढं झालंही नसतं, आणि तेच संध्याकाळी उघडलं असतं तर नवीन पॉलिशही वाचायची बरीच शक्यता होती. दोन्ही एकत्र आलं.

ढग तसाच उघडा ठेवल्यावर आठवडाभरात बराच विरला. ठसे नाही गेले. तेवढाच भाग घासून परत मारू का असं विचारलं तर पॉलिशवाले काका नको म्हणाले, उजेड तिरका पडला की ठिगळ दिसतं, करायचं तर पूर्ण टॉप करा. तो खर्च आम्ही दिला. तडकलेल्या प्लेट्सचा विषय मात्र विम्यात गेला नाही, घरच्यांनी स्वतः भरलेल्या खोक्यातल्या वस्तू अशा विम्यात बहुतेक वेळा धरत नाहीत. हे मी ताईंना आधी सांगायला हवं होतं, मग कदाचित त्यांनी ती दोन खोकीही रात्रीच उघडू दिली असती. अजून एक उणीव म्हणजे निघण्याआधी काचेचे आम्ही आठ फोटो काढले होते, टॉपचा एकही नाही.

आता काय वेगळं करतो

सगळ्यात मोठा बदल माझ्या प्रश्नात झाला. आधी मी विचारायचो की यातलं फुटण्यासारखं काय आहे. आता त्यासोबत विचारतो की हे किती दिवस बांधलेलं राहू शकतं, जास्तीत जास्त, म्हणजे सगळं चुकलं तर किती. धक्क्यासाठी बांधणं आणि मुक्कामासाठी बांधणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काचेला दोन्ही एकच चालतं, लाकडाला चालत नाही, लाकडाला श्वास लागतो. घट्ट फिल्म सहा तासांसाठी सोयीची असते, सहा दिवसांसाठी तीच त्रास देते. त्यामुळे मुक्काम पडला की पहिल्या दिवशी लाकडाच्या वस्तूंची फिल्म आम्ही कापतो, ब्लँकेट तसंच ठेवतो आणि वरून धुळीसाठी साधी सुती चादर टाकतो.

दुसरं, पॉलिश, रंग, नवीन कुशन, जे काही नटवायचं असेल ते नवीन घरात गेल्यावर. लोकांना उलट वाटतं, जुन्या घरी करून घेऊ म्हणजे तिथे जाऊन पसारा नको, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ताज्या पॉलिशसाठी प्रवासापेक्षा वाईट काही नसतं. आधीच मारून झालं असेल तर मग प्लास्टिक अजिबात नको, टॉपवर मऊ सुती कापड, वर ब्लँकेट, आणि ते कापडी पट्ट्याने सैलसर बांधायचं. पाऊस असेल तर जिन्यापासून गाडीपर्यंत वरून ताडपत्री धरायची, गाडीत गेल्यावर काढायची. बबल रॅप लाकडाला लावायचाच असेल तर मध्ये कापड हवं आणि फुगे बाहेरच्या बाजूला.

तिसरी गोष्ट त्या मुलाकडून शिकलो. त्याला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, कागदावर चादर लिहिलं होतं, पण मला वाटलं ती ओरखडे येऊ नयेत म्हणून आहे, आणि बबलने पण ओरखडे येत नाहीत." त्याचं बरोबरच होतं. आता मी प्रत्येक सूचनेपुढे कारण लिहितो, "चादर, कारण प्लास्टिक पॉलिशला चिकटतं", एवढंच. कारण माहीत असलं की माणूस ऐनवेळी बदल करताना योग्य बदल करतो.

काच ब्लँकेटमध्ये नेली असती तरी कदाचित सुखरूप पोचली असती, हे मी स्वतःशी बऱ्याचदा घोळवलंय. चौकट केली याचं वाईट वाटत नाही, पण तिच्यासोबत खाली मीच जायला हवं होतं का? दोन अनुभवी माणसं होती, ती करू शकली असती. मी वर टेबलापाशी थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

टेबल परत जोडताना मात्र घाई केली नाही. टॉप ब्लँकेटवर पालथा, काकांनी खडूचे नंबर वाचत एकेक पाय दिला, सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून बसवले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, एक भोक सैल झालं होतं तिथे लाकडाची बारीक काडी गोंद लावून भरली आणि ते एक दिवस तसंच ठेवलं. सरळ करताना दोन पायांवर कलंडवलं नाही, चौघांनी उचलूनच फिरवलं. पुन्हा पॉलिश झाल्यावर त्यावर काच ठेवायला ताईंनी पूर्ण चार आठवडे थांबायचं ठरवलं, तारीख काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, आणि तोवर ती काच शेजारच्या खोलीत तिच्या चौकटीतच उभी होती.